मिकीसमोर उभी राहिलेली मुलं : जुन्या स्लाइड्सच्या कामाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

शेवटी जुन्या स्लाइड्सचे, म्हणजे प्रोजेक्टरवर बघायच्या फिल्मच्या फोटोंचे, डबे उघडले. दोन आहेत. एक आत्याचा, तिचं कॅलिफोर्नियातलं जुनं घर आवरताना गॅरेजमध्ये सापडलेला, ताई, म्हणजे आत्याची मुलगी, मागच्या दिवाळीत पुण्याला आली तेव्हा हँडबॅगेतून सांभाळून घेऊन आली. दुसरा ताईनेच तिकडच्या एका इस्टेट सेलमधून घेतलाय, म्हणजे घरातलं म्हातारं माणूस गेलं की सगळं सामान घरातच मांडून विकतात ना, तसला सेल, तिथे कुणाच्या तरी स्लाइड्स टेबलाखाली पडून होत्या आणि कुणी हात लावत नव्हतं, तिला माझं वेड माहितीये म्हणून उचलल्या.

प्रोजेक्ट असा, की या दोन्ही डब्यांतल्या कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमच्या डिस्नेलँडच्या स्लाइड्स, आणि त्यातही फक्त मुलं आणि पोशाखातली पात्रं एकत्र असलेल्या फ्रेम्स आधी काढायच्या, स्कॅन करायच्या, जमेल तितकी तारीख लावायची आणि नीट नोंदवून ठेवायच्या. किल्ला, आगगाडी, फुलांचे ताटवे हे सगळं नंतर. किल्ल्याचे फोटो तिथे गेलेल्या प्रत्येकाने काढलेत आणि ते सगळे सारखेच दिसतात, पण मिकीसमोर उभं राहिलेलं प्रत्येक पोर वेगळं असतं. कुणी धावत सुटलंय, कुणी आईच्या स्कर्टमागे लपलंय, कुणी नुसतं वर बघत थिजून गेलंय. मला ही थिजलेली पोरं सगळ्यात आवडतात, तोंड अर्धं उघडं, हातातलं पॉपकॉर्न तिरकं होऊन सांडतंय आणि त्याचा पत्ताच नाही.

यंदा पाऊस मे मध्येच येऊन बसला त्यामुळे घरात दमट आहे, डबे सिलिका जेलच्या पुड्या टाकून झाकणाच्या बरण्यांत हलवले. आज एवढंच.

११ जून

सेटअप. फ्लॅटबेड स्कॅनर, स्लाइड होल्डर, फुंकणी, मऊ ब्रश, सुती हातमोजे. ३२०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३२०० ठिपके, प्रत्येक चॅनलला १६ बिट, टिफ फाइल. ३५ मिमीच्या फ्रेमचे साधारण ४५०० बाय ३००० पिक्सेल मिळतात, पोस्टर काढायला कमी पडतील पण मुलाच्या मुठीत काय आहे ते दिसतं, आणि माझं काम तेवढ्यावर आहे.

धूळ आपोआप काढायचं इन्फ्रारेडवालं ऑप्शन बंद ठेवलंय. कोडाक्रोमवर, म्हणजे कोडाकच्या रंगीत स्लाइड फिल्मवर, ते नीट चालत नाही, त्या फिल्मचे रंग इन्फ्रारेडलाही थोडे अडवतात मग स्कॅनरला चित्राचाच भाग कचरा वाटतो आणि कडा खाऊन टाकतो. काळे केस, काळे कान तर हमखास. मिकीचे कान खाणारं ऑप्शन या कामात काय कामाचं! धूळ हातानेच काढायची, वेळ लागला तर लागू दे.

१५ जून, रविवार

आजचा पूर्ण दिवस तारखांवर गेला आणि मजा आली.

कोडाकच्या लॅबमधून आलेल्या बऱ्याच माउंट्सवर, म्हणजे स्लाइडभोवतीच्या चौकटींवर, महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. पण तो धुतल्याचा महिना, काढल्याचा नाही, हे सारखं लक्षात ठेवायला लागतं, कारण तेव्हा एक रोल सहा सहा महिने कॅमेऱ्यात राहायचा. सेलच्या डब्यात एका फॅमिलीच्या ओळीने लागलेल्या स्लाइड्स आहेत, आधी ख्रिसमसचं झाड, मग मध्येच कुणाचा तरी वाढदिवस, मग एकदम डिस्नेलँड, आणि सगळ्यांवर एकच महिना. म्हणून माउंटवरचा महिना म्हणजे ‘याच्या आधी कधीतरी’ एवढंच धरायचं.

मग पाठीमागे काय दिसतंय ते बघायचं. मॅटरहॉर्नचा डोंगर, आल्प्समधल्या शिखराची पार्कातली नक्कल, दिसला की फोटो १९५९ च्या जूननंतरचा, त्याच उन्हाळ्यात मोनोरेल आणि पाणबुड्यापण सुरू झाल्या. खरा मॅटरहॉर्न आहे त्याच्या बरोब्बर शंभराव्या भागाइतका, १४७ फूट, पार्कच्या अर्ध्या भागातून कुठूनही दिसतो, त्यामुळे तारीख लावायला त्याच्याइतका उपयोगाचा कुणी नाही. तारेवरून लटकत जाणारे स्कायवेचे डबे दिसले तर १९५६ ते १९९४ च्या मधलं. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ या बोटीतून फिरायच्या राइडचा पांढरा-सोनेरी दर्शनी भाग दिसला तर १९६६ किंवा नंतरचं. पार्कच्या फँटसीलँड या भागात शिडाचं चाचेगिरीचं जहाज दिसलं, आत ट्यूना सँडविचचं हॉटेल होतं त्यात, तर १९८२ च्या आधीचं, कारण मग तो सगळा भाग पाडून १९८३ मध्ये नव्याने उभा केला.

एक स्लाइड तर अशी बसली की टाळी वाजवावी वाटली. लाल स्वेटरचा मुलगा मिकीच्या कुत्र्याच्या, प्लूटोच्या नाकावर तळवा ठेवून उभा, पाठीमागे डोंगर आहे, स्कायवेपण आहे, माउंटवर १९६२ चा मार्च. म्हणजे १९५९ चा उन्हाळा ते १९६२ चा वसंत यांच्यामधला कुठलातरी दिवस, आणि बाजूच्या फ्रेममध्ये दुकानाच्या काचेवर ख्रिसमसच्या माळा आहेत. बहुतेक १९६१ चा डिसेंबर, अगदीच झालं तर एकदोन वर्षं आधीचा. शीटमध्ये ‘अंदाजे डिसेंबर १९६१’ असं लिहिलंय आणि पुढे का ते लिहिलंय. का ते लिहिलं नाही तर पुढच्या माणसाने माझ्या अंदाजावर विश्वास का ठेवावा.

जाताजाता, त्याच १९६१ च्या नोव्हेंबरात पंडित नेहरू डिस्नेलँडला गेले होते, वॉल्ट डिस्नीने स्वतः बरोबर फिरून दाखवलं. या लाल स्वेटरवाल्याच्या आईबाबांनी ते पेपरात वाचलंही असेल.

२२ जून, रविवार

हे कालपासून डोक्यात घोळतंय ते लिहून ठेवते.

सेलच्या डब्यात स्लाइड्सच्या खाली काही चौकोनी ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट्स निघाल्या, पांढऱ्या कडेच्या, कडेवर छापलेला महिना आणि वर्ष, १९५८, १९६०. स्लाइड्सपेक्षा या वेगळ्या का वाटतात ते आधी कळेना. मग एकेक लाइटखाली धरल्यावर कळलं, उंची! या प्रिंट्समध्ये मुलाचा चेहरा आपल्या समोर आहे आणि मिकी वर, डोक्यावर उंच. स्लाइड्समध्ये उलट, आपण वरून खाली मुलाच्या भांगाकडे बघतोय.

कारण कॅमेरा. त्या काळी अमेरिकेत घरोघरी कोडाकचा ब्राउनी हॉकआय असायचा, काळा चौकोनी डबा, तो डोळ्याला लावत नाहीत, पोटाशी धरून वरून भिंगात बघतात. मोठ्या माणसाचं पोट म्हणजे चारपाच वर्षांच्या पोराच्या तोंडाची उंची. म्हणजे आईबाबांनी काही विचार न करता, फक्त डब्याची रचना तशी म्हणून, फोटो मुलाच्या उंचीवरून निघाला आणि मिकी तेवढाच मोठा दिसला जेवढा त्या मुलाला दिसत होता. १९६३ मध्ये इन्स्टामॅटिक आला, डोळ्याला लावायचा, काडतूस टाकलं की झालं, फारच सोपा, आणि तेव्हापासून घरच्या फोटोंत मुलं वरून दिसायला लागली. माझ्या मते या एका बदलाने या फोटोंचं खूप नुकसान केलं. इन्स्टामॅटिकने जास्त लोकांनी फोटो काढले हे खरं, पण मिकी समोर आल्यावर काय वाटतं ते त्या काळ्या डब्यालाच जास्त कळलं.

अजून एक. हॉकआयच्या एका रोलमध्ये फक्त १२ फोटो. आख्ख्या दिवसाला बारा! त्यातले दोनतीन गेटपाशी आणि किल्ल्यापाशी जाणारच, म्हणजे मिकीच्या वाट्याला एक, फार तर दोन. पोराने डोळे मिटले, तोंड फिरवलं, भोकाड पसरलं, जे आलं ते आलं. परत काढू, आता हस की जरा, हे परवडणारं नव्हतं. आणि लॅबमधून धुऊन आल्यावर पैसे दिलेत म्हणून फेकायचंही नाही. आज आपण मोबाइलवर पंधरा काढतो आणि त्यातला हसरा ठेवतो, बाकीचे चौदा म्हणजे खरं जे झालं ते, उडवून टाकतो. या डब्यांत ते चौदा शिल्लक आहेत.

शटरही सावकाश, त्यामुळे हात हलला की धूसर येतो. एका प्रिंटमध्ये मुलगी अगदी स्पष्ट आहे आणि फक्त तिचा उजवा हात धुरासारखा, मागे ओढून घेतानाचा.

२८ जून

बुरशी. आत्याच्या डब्यातल्या तळाच्या ओळीवर कोळ्याच्या जाळीसारखे बारीक धागे. कोरड्या ब्रशने वरवरचं गेलं, आतलं नाही गेलं, आणि पाणी तर लावायचंच नाही. आहे तसं स्कॅन केलं. बाकीच्या वेगळ्या बरणीत.

६ जुलै, आषाढी एकादशी

आज आत्याचा डबा. तिच्या स्लाइड्स चौकोनी आहेत, १२६ नंबरच्या काडतुसातल्या, म्हणजे काकांकडे, आत्याच्या नवऱ्याकडे, इन्स्टामॅटिकच होता. माउंटवर पेन्सिलीने मराठीत लिहिलंय, काकांचं अक्षर, ‘डिस्नेलँड. मिकी. ताई रडली.’ १९७४ चा ऑगस्ट. ताई तेव्हा साडेतीन-चार वर्षांची.

स्लाइड अशी : डावीकडे मिकी, गुडघ्यावर बसलेला, दोन्ही हात पुढे पण लांबच ठेवलेले, पंजे उघडे. मध्ये ताई, पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, तोंड आ वासलेलं, डोळे घट्ट मिटलेले, आणि डाव्या मुठीत आत्याच्या साडीचा पदर इतका घट्ट धरलाय की तो खांद्यावरून घसरलाय. आत्या साडीवर कार्डिगन घालून उभी, हसतेय आणि पदर सावरतेय. खाली, फ्रेमच्या अगदी कडेला, सिमेंटवर एका माणसाची सावली, कोपरं बाहेर आलेली. ते काका. सूर्य पाठीमागे ठेवून फोटो काढा असं कोडाकच्या माहितीपत्रकात असायचं आणि सगळ्या जगातले बाबा ते पाळायचे, म्हणून या जुन्या फोटोंत मुलं उन्हाने डोळे बारीक करून उभी असतात आणि बाबा सावली होऊन खाली पडलेले असतात. काकांचा त्या आख्ख्या ट्रिपमधला फोटो म्हणजे ही सावली.

संध्याकाळी आत्याला व्हिडिओ कॉल लावला, तिच्याकडे सकाळ होती. स्क्रीनवर स्लाइड दाखवली.

“अगं बाई! ही अजून आहे?” मग जरा वेळ नुसतीच बघत राहिली. “सकाळपासून मिकी मिकी करून डोकं खाल्लं होतं हिने. आणि समोर आला तेव्हा असा सूर लावला की लोक वळून बघायला लागले.”

“काकांनी तरी काढला फोटो?”

“मी म्हटलं अहो राहू दे, पोर रडतंय. तर म्हणाले, दोनच उरलेत रोलमध्ये, रडतेय तर रडतेय, ही आपलीच ना. पुढे कुणी घरी आलं की ही स्लाइड आधी. दर वेळी! तुझे बाबा आले होते तेव्हा त्यांनापण दाखवली.”

आणि इथे मला एक गोष्ट लागली. डब्यातल्या इतर स्लाइड्सपेक्षा ही जास्त फिकी आहे, ताईचा पिवळा फ्रॉक सायीच्या रंगाचा झालाय आणि शेजारच्या किल्ल्याच्या स्लाइडवरचं आभाळ मात्र अजून गर्द निळं. कोडाक्रोम अंधारात ठेवली तर पिढ्यान् पिढ्या टिकते पण प्रोजेक्टरचा दिवा तिला सोसत नाही, इतर फिल्मपेक्षाही लवकर उडते. म्हणजे जी स्लाइड घरात सगळ्यांत आवडती, दर पाहुण्याला दाखवलेली, तीच सगळ्यांत जास्त विटलेली. आता मी दोन्ही डब्यांत फिक्या स्लाइड्स मुद्दाम शोधतेय, त्या घराला काय आवडायचं ते तिथे कळतं.

ताईला पाठवली. तिला तो दिवस आठवत नाही म्हणे, तिला भिंतीवर पडलेला फोटो आठवतो आणि सगळे हसायचे ते आठवतं.

१३ जुलै

शीटमध्ये नवा कॉलम : हात.

मुखवट्यावरचं हसू छापील, ते कधीच बदलत नाही आणि त्यातून काही कळत नाही. मुलाचा चेहरा निम्म्या वेळी पाठमोरा नाहीतर उन्हाने आकसलेला. पण हात चारी बाजूंनी बोलतात. मुलाचे हात कुठे, पात्राचे हात कुठे, आईचा हात कुठे, हे तिन्ही लिहायला लागले आणि कालपर्यंत नुसत्या गोड वाटणाऱ्या फ्रेम्स एकदम उघडल्या.

पोशाखातली पात्रं बोलत नाहीत, त्यामुळे आतल्या माणसाकडे हातच असतात. आणि त्याला दिसतंही कमीच, जाळीतून, तीही मुखवट्याच्या डोळ्यांच्याच जागी असते असं नाही, त्यामुळे पायाशी उभं असलेलं तीन फुटाचं पोर त्याला पटकन सापडत नसणार. म्हणून बघा, चांगली पात्रं आधी खाली बसतात, मग हात पुढे करतात आणि थांबतात. पुढे येऊन धरत नाहीत. ताईच्या स्लाइडमधला मिकी तसाच थांबलाय. पंजे उघडे, तळवे वर, आणि ती येणार नाही हे कळल्यावरही तो तसाच आहे. हे काम करणारा तो किंवा ती कोण होती कुणास ठाऊक, पण काम फार सुंदर केलंय. पोशाखाच्या आत ऑगस्टच्या उन्हात गुडघ्यावर बसून रडणाऱ्या पोराला घाई न करणं हे मोठंच कसब आहे, आणि त्याची नोंद कुठे होत नाही, म्हणून इथे करतेय.

मुलांचं असं दिसतंय : एकटी असली तर हात पाठीमागे किंवा तोंडात. भाऊ-बहीण असली तर मोठ्याचा हात धाकट्याच्या पाठीवर, पुढे ढकलायला, म्हणजे शूर कोण ते लगेच कळतं. प्लूटोच्या नाकाला हात लागतो, मिकीच्या नाकाला जवळपास नाहीच, मिकीचा हात धरतात आणि तोही पूर्ण नाही, पांढऱ्या हातमोज्याचं एकच जाडं बोट. ॲलिस, स्नो व्हाइट ही चेहरा दिसणारी पात्रं असली की मुलं एकदम सैल, हात खाली, अंगाला अंग लावून. माणसाचा चेहरा दिसला की भीती जाते. आपल्याकडे वासुदेव दारात आला की लहान पोरं आधी मोरपिसांच्या टोपीकडे बघून बिचकतात आणि तो बोलला, गायला की पुढे येतात, तसंच.

१७ जुलै

आज डिस्नेलँडला ७० वर्षं झाली. १९५५ च्या १७ जुलैला, रविवारी, आमंत्रितांसाठी उघडलं आणि एबीसी या अमेरिकन टीव्ही वाहिनीवर लाइव्ह दाखवलं, सामान्य लोकांसाठी दुसऱ्या दिवशी. ऊन इतकं होतं आणि डांबर इतकं ताजं की बायकांच्या सँडलच्या टाचा रस्त्यात रुतल्या.

त्या दिवशीचे मिकी-मिनी बघितले तर आजच्या कुणालाही धक्का बसेल. पोशाख पार्कचे नव्हतेच, आइस कॅपेड्स या बर्फावरच्या स्केटिंग शोकडून आणलेले होते. मला वाटतं त्या चेहऱ्यांचं कोडं तिथेच सुटतं, ते लांब स्टँडमध्ये बसलेल्या प्रेक्षकांसाठी बनवलेले होते. हातभर अंतरावरून तेच तोंड बघणाऱ्या पोराला काय वाटत असेल! पहिली काही वर्षं पात्रं रोज नसायचीही, खास दिवशी यायची. १९६० च्या दशकात बिल जस्टिससारख्या स्टुडिओतल्याच ॲनिमेशनवाल्यांनी पोशाख नव्याने आखले, डोकी गोल आणि मोठी झाली, डोळे कार्टूनसारखे झाले.

लोक त्या जुन्या पोशाखांचे फोटो ‘भयानक’ म्हणून फॉरवर्ड करतात, हसतात. मला ते आवडत नाही. तोपर्यंत पडद्यावर सपाट असलेला उंदीर रस्त्यावर चालवायचा कसा हे कुणालाच माहीत नव्हतं, करून बघत होते. आणि मुलं त्यांच्याकडेही धावलीच की. कडेला १९५८ छापलेल्या त्या प्रिंटमध्ये, शिवण दिसतेय, मान दिसतेय, तोंडाची जाळी दिसतेय, आणि मिकी माउस क्लबची कानांची टोपी घातलेला एक मुलगा त्याच्याकडे असा बघतोय की दुसरं जगच नाही. त्या टोप्या १९५५ च्या ऑक्टोबरात टीव्हीवर तो कार्यक्रम सुरू झाल्यावर घराघरात गेल्या, म्हणजे हे पोर कार्यक्रम रोज बघून आलेलं असणार.

२७ जुलै

भाच्याने उत्साहाने ताईची स्लाइड एका एआय ॲपमध्ये टाकून परत पाठवली. रंग झकास, फ्रॉक पिवळाधमक, बुरशी गायब. पण ताईचं तोंड! ॲपने रडणं ओळखलंच नाही, ओठ जुळवून अर्धवट हसू करून ठेवलं आणि मुठीतला पदर सपाट करून फ्रॉकची घडी केली. मुठीत काहीच नाही. त्याला समजावून सांगितलं, तो बिचारा चांगल्या मनानेच करत होता, की ज्याच्यासाठी ही स्लाइड ठेवायची तेच यातून गेलं.

माझा नियम आता लिहूनच ठेवते. मूळ स्कॅन हात न लावता तसाच. दुसऱ्या कॉपीत रंगांचा समतोल, तोही आख्ख्या फ्रेमला एकसारखा, आणि धुळीचे ठिपके. चेहरा, हात, कपडे यांना नव्याने काही ‘काढायचं’ नाही. क्रॉप नाही, काकांची सावली राहणार, कडेला अर्धा आलेला अनोळखी माणूसही राहणार. ब्लॅक अँड व्हाइटला रंग भरायचे नाहीत.

सेलच्या डब्यातल्या दुसऱ्या कंपन्यांच्या फिल्मवरच्या काही स्लाइड्स पार गुलाबी-जांभळ्या झाल्यात, निळसर रंगद्रव्य उडालं की असं होतं. त्या थोड्या आणता येतात मागे. जिथे रंग उरलाच नाही तिथे मी ठरवणार नाही की त्या मुलीचा फ्रॉक निळा होता.

९ ऑगस्ट

नावांचं काय करायचं. सेलच्या डब्यातल्या काही माउंट्सवर मुलांची नावं, वय, एकदोनवर गावसुद्धा. ती मुलं आज साठी-सत्तरीतली असतील, असतील तर. आपल्या मुताच्या चड्डीसकट कुणाला आपला फोटो नावानिशी कुठे फिरायला नको असेल. नावं फक्त माझ्या शीटमध्ये, बाहेर जाणाऱ्या कॉपीत नाहीत. ताई तिकडे त्या सेलवाल्यांकडे विचारणार आहे की घरच्यांपैकी कुणाला परत हव्यात का. हव्या असतील तर मूळ स्लाइड्स त्यांच्या, आपण स्कॅन ठेवायचे की नाही तेही त्यांनाच विचारायचं.

१७ ऑगस्ट

आत्याच्या डब्यातला शेवटचा गठ्ठा, ८० च्या दशकातला, आता ३५ मिमी, काकांनी चांगला कॅमेरा घेतलेला दिसतोय. ताईचा धाकटा भाऊ, गूफीबरोबर. गूफी चालतोय आणि हा त्याच्या मागे मागे, पुढच्या फ्रेममध्ये आणखी चार पोरं जमलीत, त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये गूफी निघून गेलाय आणि पोरं एकमेकांकडे बघतायत. रांग नाही, दोरी नाही, पाटी नाही, कधी कुठून येईल ते माहीत नाही. या सगळ्या स्लाइड्समध्ये जे धसकणं आणि जो आनंद आहे त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं, मुलांना आधी कल्पनाच नसायची. वळणावर वळलं की समोर मिकी.

पुढे हे बदललं. फ्लोरिडाच्या पार्कमध्ये मिकीच्या साठाव्या वाढदिवसाला, १९८८ मध्ये, त्याच्यासाठी वेगळा भागच बांधला, आणि डिस्नेलँडमध्ये १९९३ मध्ये टूनटाउन नावाचा भाग उघडला, तिथे मिकीचं घर, आत शिरायचं, रांगेत पुढे सरकायचं आणि शेवटी मिकी भेटणार म्हणजे भेटणारच. यात वाईट काही नाही, लांबून आलेलं पोर मिकी न भेटता परत जात नाही, आत्याच म्हणाली की एकदा अख्खा दिवस फिरून मिकी दिसलाच नव्हता आणि परतीच्या गाडीत दोघं पोरं मुसमुसत होती. पण रांगेत पाऊण तास उभं राहिलेल्या मुलाला काय करायचं ते माहीत असतं, पुढच्या दहा जणांचं बघून झालेलं असतं, हात कुठे ठेवायचे तेसुद्धा. ताईने तिच्या मुलाचे तिथले फोटो पाठवलेत, गोड आहेत, आणि हातांच्या कॉलममध्ये सगळीकडे एकच लिहावं लागतंय.

३१ ऑगस्ट

गौरी आल्यात घरी, त्यामुळे तासभरच मिळाला, पण स्लाइड्स संपल्या. तीन कॉप्या : एक घरच्या हार्ड डिस्कवर, एक भावाकडे नाशिकला, एक क्लाउडवर. प्रत्येक फाइलच्या आतच तारीख, तारखेचं कारण आणि हातांची नोंद लिहिलीये म्हणजे शीट हरवली तरी फोटोबरोबर माहिती राहील. आत्यासाठी मोठ्या अक्षरांत वेगळी पीडीएफ केली, ताईची स्लाइड पहिल्या पानावर, न सुधारलेली.

सेलवाल्या घरातल्या एका नातीने ताईला कळवलंय की तिला स्लाइड्स हव्या आहेत, आणि लाल स्वेटरमधले तिचे वडील आहेत. म्हणजे त्या गठ्ठ्याची पाठवणी आधी करायची. १९६१ च्या अंदाजाबद्दल तिला विचारायचंय, त्यांना साल माहीत असेल तर शीटमधलं ‘अंदाजे’ काढता येईल. प्रिंट्स अजून पूर्ण व्हायच्यात, त्यातल्या ज्या खडबडीत रेशमी कागदावरच्या आहेत त्या दोनदा, एकदा सरळ आणि एकदा फिरवून स्कॅन करून दोन्ही एकत्र मिसळाव्या लागतील म्हणजे पृष्ठभागाची चमक कमी होईल. विसर्जन झालं की त्या घेते.